पडजिभेमागचं वळण

दिग्रसच्या एका पानठेल्यावर पेपर उघडा पडला होता: ‘रोबोटने केली घशाची शस्त्रक्रिया’. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता ठेलेवाला म्हणाला, “मंग डाक्टर काय करते भाऊ? चहा पेते काय?”

त्याचं चुकलं नाही, मथळ्याचं चुकलं. हा रोबोट स्वतःहून काहीच कापत नाही. सर्जन थोड्या अंतरावर यंत्राच्या चौकटीत डोळे घालून बसतो आणि घशातली अवजारं आपल्या हातांनी तिथून चालवतो. त्याने डोकं बाजूला घेतलं, की आतली अवजारं जागच्या जागी थांबतात.

मग यंत्र हवंच कशाला? आरशासमोर ‘आ’ करून बॅटरी मारा. पडजीभ दिसते, पुढे घसा खाली वळतो, आणि प्रकाश काही वळत नाही. जिभेचं बूड त्या वळणाआड असतं. तिथे पाण्याची किंवा चरबीची गाठ होते. कधी गर्भात मानेत उतरायची राहून गेलेली थायरॉइड ग्रंथी असते. (ती बहुतेकदा शरीरातली एकुलती एक असते, म्हणून आधी स्कॅन, काढली तर जन्मभर गोळी.) या गाठी कॅन्सरच्या नसल्या तरी गिळणं आणि श्वास अडवू शकतात. तिथे पोचायला पूर्वी कधीकधी ओठ आणि खालचा जबडा मधोमध चिरावा लागे. तोंडातून रोबोट घालायला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) 2009 मध्ये मान्यता दिली.

मला भुरळ पडली ती त्याच्या मनगटाची. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि बोटं नाचवा. हालचाल कुठे जाणवते? बोटं मिटवणारे दांडगे स्नायू तिथे आहेत. मनगटातून गेलेल्या कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या) बोटांना ओढतात. रोबोटचंही तसंच. मोटारी तोंडाबाहेर, आणि 5 किंवा 8 मिलिमीटर जाडीच्या नळीतून बारीक धातूच्या तारा टोकाच्या चिमट्यापर्यंत. एक तार ताणली, दुसरी सैल सोडली, की चिमटा वळतो. बैलाचा कासरा ओढावा तसा. दुर्बिणीच्या साध्या ऑपरेशनमधलं अवजार सरळ काठीसारखं असतं, टोकाशी मुडपत नाही. शिवाय अरुंद तोंडाच्या गुंडात (घागरीत) काठी घातली, की काठावर तरफ होते आणि हात उजवीकडे नेला तर टोक डावीकडे जातं. इथे संगणक तो उलटेपणा काढून टाकतो. हाताची 3 सेंटिमीटर हालचाल टोकाशी 1 करता येते. सेकंदाला 8 ते 12 वेळा होणारा हाताचा नैसर्गिक कंप गाळला जातो. चिमट्याची उघडझाप धरून यांत्रिकीच्या भाषेत हालचालीची सात स्वातंत्र्यं मिळतात, म्हणजे सात वेगवेगळ्या तऱ्हांनी हलता येतं. स्पर्श मात्र बहुतेक यंत्रांत कळत नाही. ऊती किती ताणली गेली ते डोळ्यांनीच जोखायचं.

आपल्याकडे घशात अडकल्यासारखं झालं, की कुणी करणी सांगतं, कुणी ‘पडजीभ पडली’ म्हणून चमच्यावर मीठ घेऊन दाबतं. जिभेच्या बुडाची गाठ चमच्याला कशी सापडणार? आणि समोर दिसणारी लहानशी गाठ साध्या अवजारांनी निघत असेल, तर ‘रोबोटिक’ या शब्दाचे जादा पैसे का मोजायचे, हेही डॉक्टरांना विचारावं.

आमच्या भागात खरी अडचण वेगळीच आहे. सुपारीतलं अरेकोलीन हे द्रव्य गालाच्या आतल्या पेशींना कोलॅजन हे धाग्यांसारखं प्रथिन जादा बनवायला लावतं. तिच्यातल्या तांब्यामुळे ते धागे एकमेकांत घट्ट गुंफले जातात. गाल चामड्यासारखा ताठ होतो, तोंड उघडेनासं होतं. कॅमेरा आणि दोन अवजारं एकाच वेळी आत जायची, तर आधी जबडा पुरेसा फाकायला हवा. मी ठेलेवाल्याला म्हटलं, तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे घालून पाहा. दोन गेली.