‘झिगी’ घरी नेण्याआधी

‘एवढी जुनी रेकॉर्ड अजून कशी खपते हो?’ इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या ‘झिगी स्टारडस्ट’चं कव्हर हातात घेऊन कुणी ना कुणी विचारतंच. काउंटरवर उभ्याउभ्या नीट सांगणं होत नाही, म्हणून हा कागद.

पूर्ण नाव लांबलचक: ‘द राइज अँड फॉल ऑफ झिगी स्टारडस्ट अँड द स्पायडर्स फ्रॉम मार्स’. आली जून १९७२मध्ये. इंग्लंडात तेव्हा ग्लॅम रॉकचा भर होता. चमकी, उंच टाचा, पुरुषांच्या डोळ्यांना रंग. त्यातलं बरंचसं आता फोटोंपुरतं उरलंय. ही रेकॉर्ड मात्र चमकी पुसून ऐकली तरी उभी राहते, आणि त्याचं निम्मं श्रेय आम्ही मिक रॉन्सनला देतो. गिटार त्याची, व्हायोलिनवगैरेंची मांडणीही त्याचीच. ‘मूनेज डेड्रीम’च्या शेवटची गिटार ऐका, मग बोलू.

‘स्टारमन’ची गंमत म्हणजे ते मूळ यादीत नव्हतंच. कंपनीला वेगळं काढून विकता येईल असं गाणं हवं होतं, म्हणून मागाहून घातलं. जुलैमध्ये बोवीने रॉन्सनच्या खांद्यावर हात टाकून ते बीबीसीवर गायलं आणि घराघरांत पोचला.

कव्हरवरची ‘के. वेस्ट’ ही पाटी लंडनच्या हेडन स्ट्रीटवरल्या फरच्या व्यापाऱ्याची. गूढ अर्थ शोधू नका. फोटोही मुळात कृष्णधवल, रंग नंतर भरलेत.

कृपा करून सुटी गाणी वेचून ऐकू नका. पहिली बाजू ‘फाइव्ह इयर्स’च्या दबक्या ड्रम्सनी सुरू होते: जगाकडे पाचच वर्षं उरलीत. दुसरी संपते ‘रॉक अँड रोल सुइसाइड’वर. एकूण अडतीसेक मिनिटं, मध्ये एकदा उठून तबकडी उलटायची. आवाज? मागच्या कव्हरवरच छापलंय, पूर्ण मोठा ठेवा. शेजाऱ्यांचं तुमचं तुम्ही बघा.

रोजच्या ऐकण्याला नवी प्रत पुरते. जुनी घेणार असाल तर दुकानातच दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावायला सांगा. तबकडीच्या आतल्या खाचा अरुंद वळणाच्या, त्यामुळे सुईने झालेली तबकडीची झीज तिथे आधी कळते. गाणं हळू सुरू होऊन शेवटी पार टिपेला जातं. तिथे आवाज चरचरला, तर किंमत कमी करून मागा.