दार उघडलं की मीठ आत येतं

ॲमस्टरडॅमच्या पश्चिमेला, उत्तर समुद्राच्या काठावर आयमाउडन हे बंदर आहे. नावाचा अर्थच 'आय'चं, म्हणजे ॲमस्टरडॅमलगतच्या जुन्या खाडीचं, मुख. पण हे मुख निसर्गाने दिलेलं नाही. माणसांनी वाळूच्या टेकड्या खोदून ॲमस्टरडॅमपर्यंत कालवा काढला आणि १८७६ मध्ये तो जहाजांना खुला झाला. मासळीचे लिलाव, गोद्या, सगळं गाव त्यामागून वाढलं. १९१८ मध्ये स्थापन झालेला इथला पोलाद कारखाना २००७ पासून टाटांकडे आहे. लोहखनिजाची अवाढव्य जहाजं समुद्राच्या बाजूलाच रिकामी होतात, त्यांना कालव्यात शिरावंच लागत नाही.

बाकीची जहाजं मात्र लॉकमधून, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेल्या पाण्याच्या कुंडातून, आत जातात. २०२२ मध्ये सुरू झालेलं नवं लॉक ५०० मीटर लांब, ७० मीटर रुंद आणि १८ मीटर खोल आहे. जहाज आत घ्यायचं, मागचं दार लावायचं, पाण्याची पातळी जुळवायची, पुढचं दार उघडायचं. खरी गंमत पाण्याची पातळी जुळल्यानंतर सुरू होते.

घरी करून पाहा. ग्लासभर साध्या पाण्यात मीठ घातलेलं रंगीत पाणी कडेने अलगद सोडा. ते सरळ तळाशी जाऊन बसतं, कारण मिठामुळे ते जड झालेलं असतं. कालव्यातही तेच होतं. दोन्हीकडे पातळी सारखी असली, तरी दार उघडताच खारं पाणी पाचरीसारखं तळातून आत सरकतं आणि गोडं पाणी वरून लॉकमध्ये येतं. हिशेब करा : लॉकमध्ये सहा लाख घनमीटरांहून जास्त पाणी मावतं, आणि घनमीटरमागे सुमारे ३० किलो मीठ. सगळं आत जात नाही, तरी एका खेपेला हजारो टन मीठ शिरतं. ते आतवर पसरलं तर शेती आणि पिण्याचं पाणी दोन्ही धोक्यात.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. पाणी समुद्रात सोडण्याच्या वाटेवर कालव्यात एक भिंत उभारली आहे. तिला वाट फक्त तळाशी ठेवली आहे. त्यामुळे बाहेर जाताना आधी जातं ते तळाचं खारं पाणी, वरचं गोडं मागे राहतं. ओहोटीला हे पाणी आपसूक वाहून जातं. भरतीला सेकंदाला २६० घनमीटर उपसू शकणारे पंप चालवावे लागतात.