इंदूरला राहून शेतातला गहू हमीभावाने विकायचा? आधी नावं जुळवा

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हे नेहमीचंच. राहायचं शहरात, जमीन सांवेर, देपालपूर नाहीतर महूकडे, आणि तीही अजून आजोबांच्या नावावर. गहू पिवळा पडला की कोणाला तरी आठवतं, सरकारी खरेदीची नोंदणी राहिलीच! २०२५ साली ती २० जानेवारीला सुरू झाली होती. त्या वर्षी केंद्राचा हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये, वर राज्याचा बोनस १७५, म्हणजे एकूण २६००. भाव आणि तारखा वर्षागणिक बदलतात, कागदांची रड तीच.

इथे सातबारा मागू नका, कोणाला कळणार नाही. मध्य प्रदेशात खसरा (एकेका शेताचा, त्यातल्या पिकाचा उतारा) आणि खतौनी (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा). खसरा एमपी भूलेख या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. त्यात नाव कोणाचं आहे आणि गिरदावरीत, म्हणजे पीकपाहणीत, पीक कोणतं चढलंय, एवढं आधी बघा. पेरला गहू आणि नोंद हरभऱ्याची, असं असेल तर पहिल्यांदा पटवाऱ्याला, म्हणजे तिथल्या तलाठ्याला, गाठा.

खरी अडचण नावाची. खसऱ्यात 'विनायक पिता गोविंदराव', आधारवर 'विनायक गोविंद' आणि पुढे आडनाव. संगणकाला ही दोन माणसं वाटतात. बायकांचं तर विचारूच नका: जमीन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. नाव जुळलं नाही की प्रकरण तहसीलमध्ये पडताळणीला जातं. आजोबा वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं जोडून फौती नामांतरणाचा (जमिनीवर वारसांची नावं चढवायचा) अर्ज करावा लागतो, आणि भावाभावांत वाद असला की तो रेंगाळतो. माझं ऐकाल तर दिवाळी झाली की लगेच या कामाला लागा.

बाकी लागतं ते आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकार रहिवाशांना देतं तो ओळख क्रमांक), मोबाइल आणि बँक खातं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, त्यामुळे वर्षानुवर्षं बंद पडलेलं किंवा दोघांच्या नावचं खातं पुढे करू नका. समग्रमध्ये कुटुंबाचा क्रमांक ८ अंकी असतो, माणसाचा ९ अंकी. पुण्या-मुंबईहून परतलेल्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं.

नोंदणी सहकारी सोसायटी, ग्रामपंचायत किंवा तहसीलच्या सुविधा केंद्रात फुकट होते, मोबाइलवरूनही होते. एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर (सरकारी कामांचे अर्ज भरून देणारं दुकान) ५० रुपयांपर्यंत घेतात. तहसीलला खेटे घालण्यापेक्षा ते परवडतं.

जमीन बटाईने दिली असेल तर मात्र कियोस्क चालत नाही, सोसायटीच्या केंद्रावरच जावं लागतं, आणि सोबत करारनामा लागतो. २०१६ च्या बटाईदार कायद्याप्रमाणे हा करार साध्या कागदावर होतो, जास्तीत जास्त ५ वर्षांचा, आणि त्याची एक प्रत तहसीलदाराकडे द्यायची असते. तोंडी बोलीवर वर्षानुवर्षं चाललेली बटाई इथे उपयोगाची नाही. वडील थकलेले असतील, केंद्रावर जाणं होत नसेल, तर त्यांच्या वतीने नॉमिनी नेमता येतो.

नोंदणी झाली म्हणजे ट्रॉली जोडली, असं नाही. सरकारी खरेदीच्या पोर्टलवर केंद्र आणि दिवस निवडून स्लॉट घ्यावा लागतो. केंद्रावर ओलावा मोजतात, १२ टक्क्यांच्या वर गेला की अडचण येते. खडे-कचरा दिसला तर तिथेच चाळणी लावायला सांगतात, त्यापेक्षा खळ्यावरच गहू दोन दिवस उन्हात घालून चाळून न्या. वजन झालं की पावती हातात पडेपर्यंत हलू नका.