सरचूला चहा उकळायचा तर

मनाली-लेह सायकलने करायचं ठरलं की माणसं स्टोव्हचे ग्रॅम मोजू लागतात. गॅसचा १०० ग्रॅमच्या आतला बर्नर मिळतोही. पण पाठीवर बसतं ते इंधन.

सरचू हा याच रस्त्यावरचा मुक्काम, सुमारे ४,३०० मीटरवर. तिथे पाणी ८६ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. १० अंशांचं लिटरभर पाणी तिथवर न्यायला साधारण ३२० किलोज्यूल लागतात. निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं, तर गॅस १४ ग्रॅम जळेल, स्पिरिट २४ ग्रॅम. तरी स्पिरिट लगेच बाद करू नका. २३० ग्रॅम गॅसच्या कॅनिस्टरचा, म्हणजे डब्याचा, नुसता पत्राच दीडशे ग्रॅमच्या घरात जातो आणि गॅस संपला तरी तो वाहावा लागतो. स्पिरिट प्लास्टिकच्या बाटलीत मावतं. दोन-तीन दिवसांच्या फेरीत तेच हलकं पडतं. फक्त त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. बर्नर विझलाय असं समजून वरून ओतू नये.

गॅसची परीक्षा पहाटेच्या थंडीत. डब्यातला नेहमीचा गॅस म्हणजे ब्यूटेन; समुद्रसपाटीला ते उणे अर्ध्या अंशाला उकळतं, त्याखाली डब्यात दाबच उरत नाही. गंमत म्हणजे उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने हा आकडा आणखी तेरा-चौदा अंशांनी खाली जातो. पण वाफ होताना गॅस डब्याचीच उष्णता खातो. डबा गारठतो, ज्योत मरगळते. म्हणून उणे १२ अंशांना उकळणारं आयसोब्यूटेन आणि उणे ४२ ला उकळणारं प्रोपेन मिसळलेला कॅनिस्टर घ्यावा. प्रोपेन आधी निघून जातं, त्यामुळे तळाचा गॅस रडतखडतच जळतो. रात्री डबा स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपणारे उगाच झोपत नाहीत.

रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हला ही रड नाही, दाब आपण हाताने देतो. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ मध्ये काढलेली ही युक्ती आपल्या आज्यांनी पिन मारत, काकडा पेटवत जन्मभर वापरली. पण तो जड, आणि रॉकेल आता मिळतं कुठे?

माझं मत: या रस्त्याला मिश्र गॅस, तोही मनालीतच घ्यावा, कारण विमानात कॅनिस्टर चालत नाही. कोकण किनाऱ्याने जाणार असाल तर स्टोव्ह घरीच ठेवा, टपऱ्या आहेत. सरचूला डाळ शिजवायच्या फंदात मात्र पडू नका. ८६ अंशांना ती शिजता शिजत नाही आणि गॅस संपतो. पोहे भिजवा. वाऱ्याला आडोसा हवाच, पण कॅनिस्टरवर बसणाऱ्या बर्नरला चारी बाजूंनी पत्रा लावला तर डबा तापून फुटू शकतो. तंबू बंद करून आत तर पेटवूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.