एसीतला गॅस संपतो कुठे?

एप्रिल उजाडला की आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत जिन्याजिन्यावर एकच वाक्य ऐकू येते : "एसीचा गॅस संपलाय." दहा-बारा वर्षांचा एसी नीट गार करत नाही, कारागीर येतो, बाहेरच्या युनिटच्या नळीला हात लावतो, गॅस भरतो, पैसे घेतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये हाच प्रयोग पुन्हा होतो. या गैरसमजाचे मूळ माझ्या मते आपल्या भाषेत आहे. आपल्याकडे 'गॅस' म्हणजे स्वयंपाकघरातला सिलिंडर. तो जळतो, म्हणून संपतो. एसीतला गॅस मात्र जळत नाही आणि झिजतही नाही, तो तांब्याच्या बंद नळ्यांमधून फिरत राहतो. दीड टनाच्या जुन्या एसीत साधारण किलोभर गॅस असतो आणि कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, चालू असताना तो सगळाच्या सगळा सुमारे अर्ध्या मिनिटात एक फेरी पुरी करतो. रोज आठ तास एसी चालला, तर शंभर दिवसांत जवळपास एक लाख फेऱ्या होतात. एवढे फिरूनही त्याचे वजन जसेच्या तसे राहायला हवे. ते घटले असेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता सायकलमध्ये हवा भरणे.

परंतु गळती आहे की नाही, हेच मुळात कसे ठरवायचे? त्यासाठी एसी गार कसा करतो हे पाहावे लागते, आणि ते समजून घ्यायला घरातला प्रेशर कुकर पुरेसा आहे. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. दाब कमी असला की उलटे घडते, म्हणून महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. द्रव कोणत्या तापमानाला उकळेल हे त्यावरचा दाब ठरवतो आणि उकळताना तो आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. जुन्या एसीतला आर-२२ हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे ४१ अंशांच्या आसपास उकळतो. त्याच्यावरचा दाब वातावरणाच्या सुमारे पावणेसहा पट ठेवला, तर तो ५ अंशांवर उकळतो. खोलीतल्या कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यात, नेमके हेच चालू असते. त्या नळ्यांत गॅस ५ अंशांवर उकळत असतो, २८-३० अंशांची हवा त्यांच्यावरून जाते आणि आपली उष्णता त्या उकळण्याला देऊन गार होते. मग कॉम्प्रेसर ती वाफ ओढून घेतो, दाबतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये ढकलतो. तिथे दाब इतका जास्त असतो की मुंबईच्या उन्हाळी हवेतही वाफेचा द्रव होतो आणि खोलीतून आणलेली उष्णता बाहेर टाकली जाते. हा द्रव कॅपिलरी नावाच्या केसासारख्या बारीक नळीतून जाताना त्याचा दाब उतरतो आणि पुढची फेरी सुरू होते.

आता दुखणे पाहू. जुन्या एसीची हमखास तक्रार म्हणजे आतल्या कॉइलवर बर्फ धरणे. अनेकांना हा बर्फ एसी उत्तम चालल्याची खूण वाटतो, पण तो आजार आहे. आतला दाब वातावरणाच्या पाचपटीपर्यंत उतरला की आर-२२ शून्य अंशावर उकळू लागतो, साडेतीनपटीपर्यंत उतरला की उणे १० अंशांवर, आणि मग हवेतले बाष्प कॉइलवर थिजते. म्हणजे बर्फाचा अर्थ 'दाब उतरला' एवढाच आहे. दाब का उतरला, हे तो सांगत नाही.

कारण दोन्ही बाजूंचे असू शकते. गॅस गळून कमी झाला, तर कॅपिलरीतून पुरेसा द्रव येत नाही आणि कॉम्प्रेसर मात्र नेहमीइतकीच वाफ ओढत राहतो, म्हणून दाब घसरतो. गॅस पुरेपूर असेल पण जाळी धुळीने बुजली असेल किंवा ब्लोअरच्या, म्हणजे आतल्या पंख्याच्या, पात्यांवर काळा मळ साचला असेल, तर कॉइलवरून हवाच कमी जाते. हवा कमी म्हणजे उष्णता कमी, उष्णता कमी म्हणजे उकळणे मंद, आणि कॉम्प्रेसर तेवढीच वाफ ओढत असल्यामुळे इथेही दाब घसरतो. दोन अगदी वेगळ्या आजारांत दाब मोजणाऱ्या गेजचा काटा एकाच बाजूला झुकतो. केवळ काटा पाहून गॅस भरणारा कारागीर दुसऱ्या आजारावर पहिल्याचे औषध देत असतो. पुढे कधी जाळी साफ झाली की भरलेला जादा गॅस त्रास देऊ लागतो. आतल्या कॉइलमध्ये न उकळलेला द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये शिरतो, आणि कॉम्प्रेसर वाफ दाबण्यासाठी बनवलेला असतो, द्रव दाबण्यासाठी नाही.

मग फरक ओळखायचा कसा? मला या यंत्रात सर्वांत आवडणारी गोष्ट इथेच आहे. गॅस कमी असेल, तर जो थोडा द्रव येतो तो कॉइलच्या सुरुवातीलाच उकळून संपतो. तिथे बर्फ धरतो आणि पुढच्या नळ्यांतून नुसती वाफ जाते. वाफेला उकळायचे काही शिल्लक नसल्यामुळे ती जेमतेम थोडी उष्णता घेऊन लगेच तापते, म्हणून कॉइलचा उरलेला भाग कोरडा आणि कोमट राहतो. बाहेरच्या युनिटला जोडलेल्या दोन नळ्यांपैकी बारीक नळीच्या व्हॉल्व्हवर पांढरे दव गोठते आणि एरवी गार व घामेजलेली असणारी जाड नळी कोरडी पडते. हवा कमी असेल, तर द्रव भरपूर असतो पण उष्णता अपुरी, त्यामुळे तो टोकापर्यंत द्रवच राहतो, कॉइल सगळीकडे सारखी गोठते आणि कधी बर्फ जाड नळीपर्यंत पोहोचतो. मात्र ही परीक्षा सगळा बर्फ वितळवून, एसी पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच करावी. एकदा बर्फ साचला की तो स्वतःच हवा अडवतो आणि पहिला आजार दुसऱ्याचे रूप घेतो. गेल्या वर्षी माझा स्वतःचा एसी सगळाच्या सगळा गोठलेला होता. गॅस भरायला आलेल्या कारागिराला मी आधी ब्लोअर धुवायला लावला आणि गॅसची गरज पडली नाही.

एसी बंद असताना दाब मोजून गॅस 'पुरेसा' ठरवणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. बंद नळ्यांत द्रव आणि वाफ एकत्र असतात, तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो, गॅस किती आहे यावर नाही. सिलिंडर संपत आला की नाही हे आपण तो उचलून पाहतो, ते याच कारणासाठी. एसीच्या पाटीवर गॅसचे वजन ग्रॅममध्ये छापलेले असते आणि वजनकाट्यावर ठेवलेल्या सिलिंडरातून तेवढाच गॅस भरणे ही खरी पद्धत आहे. त्याआधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधणे, ती बुजवणे आणि व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा व ओल काढणे आवश्यक असते. राहिलेली ओल कॅपिलरीच्या तोंडाशी गोठते आणि तेलाबरोबर आम्लही तयार करते. स्प्लिट एसीत गळती बहुधा नळ्यांच्या पितळी नटांपाशी सापडते. समुद्राकाठी खारी हवा आणि गटारांजवळ हायड्रोजन सल्फाइड यांमुळे तांब्याच्या कॉइललाच सूक्ष्म छिद्रे पडतात, तेव्हा मात्र कॉइल बदलण्याला पर्याय उरत नाही.

गॅसशी संबंध नसलेले दुखणेही गॅसच्या खात्यावर जमा होते. बाहेरचे युनिट नुसते 'हूं' करते आणि काही सेकंदांत बंद पडते, तेव्हा बहुतेक वेळा मोटर सुरू व्हायला मदत करणारा कॅपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्त भाग आहे, परंतु वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार साठलेला राहतो, म्हणून घरच्या घरी त्याला हात लावू नये. जाता जाता, प्लगात खोचून वीज वाचवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांतही बहुधा एक छोटा कॅपॅसिटरच असतो. घरगुती मीटर खर्च झालेली युनिटे मोजतो आणि ती त्या डबीमुळे कमी होत नाहीत. मंतरलेला ताईत दाराला बांधला असता, तरी बिल तेवढेच आले असते.

जुन्या आर-२२ यंत्रात नव्या एसींतला आर-३२ गॅस भरून देतो असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा. त्याच तापमानाला आर-३२ चा दाब दीडपटीहून अधिक असतो, त्याला लागणारे तेल वेगळे असते आणि तो सौम्य ज्वलनशील आहे. ओझोनच्या थराला इजा करणारा आर-२२ हा १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बाद होत असून भारतात त्याचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ थांबणार आहे, तेव्हा तो महागत जाणार हे उघड आहे. माझ्या एसीची बारीक नळी या महिन्यात पांढरी दिसू लागली आहे. आता फेसाचा बुडबुडा नटापाशी निघाला तर दुरुस्ती करून घेईन आणि कॉइलमधून निघाला तर यंत्र भंगारात देईन, पण गॅस मात्र नुसता भरणार नाही.