ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि हार्ड डिस्क गायब व्हायला लागली

लग्नसराई सुरू झाली की सांगली-मिरजेतल्या फोटो स्टुडिओंमध्ये रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटर चालू असतात. हळदीपासून वरातीपर्यंतचं सगळं शूटिंग एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर असतं, आणि एडिटिंग लवकर उरकावं म्हणून जुन्याच डेस्कटॉपमध्ये दमदार ग्राफिक्स कार्ड बसवलं जातं. त्यानंतरची तक्रार विश्रामबागेतल्या एका स्टुडिओवाल्यांनी मला अशी सांगितली : "सर, कार्ड घातल्यापासनं डिस्क मधीच गायब हुतीया बगा. ह्या कार्डाला ही डिस्क चालत नसंल."

तसं काही नसतं. कोणती डिस्क जोडली आहे, याची ग्राफिक्स कार्डाला खबरही नसते. पण वीज, केबिनेटमधली जागा आणि बायोसची (कॉम्प्युटर सुरू करून देणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग दोघांना मिळून वापरावी लागते. बिघाड शोधायचा तो तिथं.

सगळ्यात जास्त वेळा दोष विजेत निघतो. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ८ पिनांची एक जादा केबल जोडली की आणखी १५०. हा भार मुख्यतः एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, १२ व्होल्टच्या लाइनवर पडतो. डिस्कला लागणारे ५ व्होल्टही त्याच एसएमपीएसमधून येतात. यूएसबी २.० च्या पोर्टनं ५०० मिलिअँपिअर द्यायचे आणि ३.० च्या पोर्टनं ९००, असं मानकात ठरलेलं आहे. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कला मोटर फिरायला लागताना मात्र १ अँपिअरच्या आसपास लागू शकतो. म्हणजे ही डिस्क आधीच काठावर चालत असते.

आता व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की कार्डाची मागणी काही मिलिसेकंदांत उसळते. जुना किंवा कमी ताकदीचा एसएमपीएस त्या झटक्याला डगमगतो. ५ व्होल्टची लाइन ५ टक्क्यांनी खालीवर होणं नियमात बसतं, म्हणजे ४.७५ व्होल्टपर्यंत कुणी तक्रार करायची नाही. त्यातून डिस्क केबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावली असेल, तर आतली बारीक वायर, पोर्टचे सैल झालेले पत्रे आणि डिस्कची लांब केबल यांचा मिळून समजा ०.३ ओहम रोध झाला. ०.९ अँपिअर वाहताना तिथं आणखी ०.२७ व्होल्ट खर्ची पडतात. डिस्कपर्यंत पोचतात साडेचारपेक्षाही कमी. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही : एकाच पाइपलाइनवर वरच्या मळ्यातला व्हॉल्व्ह उघडला की शेवटच्या मळ्यात पाण्याची धार बारीक होते.

अशा वेळी डिस्कपाशी कान नेऊन बघा. आधी फिरण्याचा एकसुरी आवाज खाली येतो, मग ‘टक्’ असं ऐकू येतं (डेटा वाचणारं-लिहिणारं हेड जागेवर परतल्याचा तो आवाज), दिवा विझतो, आणि दोन-चार सेकंदांत डिस्क पुन्हा फिरायला लागते. विंडोज तेवढ्यात डिस्क निघाल्याची आणि जोडल्याची धून वाजवतं. हा क्रम दिसला की संशय आधी विजेवर घ्यावा. त्या स्टुडिओत डिस्क मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला आखूड केबलनं लावली आणि तक्रार थांबली. तेवढ्यानं भागलं नाही तर स्वतःचा अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्यावा. साडेतीन इंची डिस्क स्वतःच्या अॅडॉप्टरवर चालते, तिला हा त्रास सहसा होत नाही. तरीही डिस्क निसटत असेल आणि प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स असेल, तर कार्ड काढून तेच काम करून बघा. डिस्क टिकली तर एसएमपीएस बदलायची वेळ आली आहे.

जागेचा दोष वरवर दिसत नाही. पुढच्या यूएसबी ३.० पोर्टची जाड, ताठ केबल मदरबोर्डवरच्या ज्या कनेक्टरमध्ये बसते, तो बऱ्याच बोर्डांवर लांब कार्डाच्या टोकाजवळ येतो. कार्ड बसवताना ती केबल दाबली जाते आणि कनेक्टर अर्धवट उचकटतो. डिस्क चालू राहते, पण यूएसबी २.० च्या वेगानं. सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या वर होणारी कॉपी अचानक पस्तीस-चाळीसवर अडकली, तर केबिनेट उघडून आधी तिथं बोट लावा.

बायोसचा घोळ जास्त फसवा असतो. नव्या कार्डांची मेमरी प्रोसेसरला एकदम दिसावी म्हणून ‘रिसायझेबल बार’ चालू करतात, आणि त्यासाठी सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं बूट होण्याची सोय, बंद करावी लागते. लगेच एमबीआर, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवायच्या जुन्या पद्धतीनं बसवलेलं विंडोज बूट होत नाही, आणि जुन्या रिपेअरच्या पेनड्राइव्हही निकामी ठरतात. दोष मात्र कार्डाच्या माथी येतो. उलट कार्ड फार जुनं असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनच काळी राहते. काळी स्क्रीन दिसली की एक्स्टर्नल डिस्क काढूनही एकदा चालू करून बघावं, कारण काही बायोस त्या डिस्कवरूनच बूट व्हायला जातात आणि तिथंच थबकतात.

डिस्कवर कॉपी चालू असताना माउसचा बाण अडखळतो, तेव्हाही लोक कार्डाकडं बोट दाखवतात. माउस वायरलेस असेल तर कार्ड बहुधा निर्दोष असतं. यूएसबी ३.० च्या केबलमधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, हे इंटेलनं २०१२ साली एका तांत्रिक टिपणात (व्हाइट पेपरमध्ये) मांडलं, आणि माउसचा डोंगलही (यूएसबी पोर्टला लावायचा त्याचा छोटा रिसीव्हर) त्याच पट्ट्यात बोलतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलनं डोंगल डिस्कपासून लांब नेला की बाण सुरळीत चालतो.

या सगळ्या तपासणीला हात घालण्याआधी शूटिंगची दुसरी प्रत काढून ठेवा. सप्तपदी पुन्हा घेता येत नाही. लिहिणं चालू असताना डिस्क निसटली तर फाइलींची नोंद बिघडते आणि पुढच्या वेळी विंडोज ‘डिस्क फॉर्मॅट करा’ असं सुचवतं. तिथं कॅन्सल दाबा. डिस्क दुसऱ्या, कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावून आधी दिसेल तेवढा डेटा उतरवून घ्या. चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजमधला प्रोग्राम, त्यानंतर चालवा, कारण दुरुस्ती करताना तो नोंदी बदलतो.