चार चाकं, चार वेग

वळण घेताना गाडीची चारही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात. बाहेरचं पुढचं चाक सगळ्यांत लांबचा फेरा घालतं, आतलं मागचं सगळ्यांत जवळचा. बैलगाडीला याचं काही सोयरसुतक नाही. तिची चाकं कण्यावर सुटी फिरतात आणि ओढायचं काम बैलांकडे असतं. मोटारीत चाकानेच ओढायचं असतं, आणि चारही चाकं ओढणारी असली की एका इंजिनाची ताकद चार निरनिराळ्या वेगांना वाटून द्यावी लागते. हा वेगातला फरक कुठे जिरतो, एवढं एक समजलं की जुनी ऑल व्हील ड्राइव्ह व्हॅन सांभाळायचं अर्धं काम समजलं. तिचे महागडे आजार बहुतेक इथूनच सुरू होतात.

अशी व्हॅन आपल्याकडे शोधायला निघालं तर पंचाईत होते. ओम्नी आणि ईको मागच्या चाकांवर चालतात, विंगर पुढच्या. फोक्सवॅगनची टी-३ सिंक्रो १९८५ ते १९९२ या काळात ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बनायची. मित्सुबिशीची डेलिका जपानची, शेव्हरोलेची ॲस्ट्रो अमेरिकेची. नागपुरात हौशी माणसाच्या दारात दिसलीच तर टाटा सुमो ४×४, २०१० साली आलेली आरिया किंवा तिच्यानंतरची हेक्सा. वजन, उंची आणि मागे गादी टाकून झोपण्याइतकी जागा पाहिली तर या गाड्या व्हॅनच्या सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी आहेत, आणि खालची यंत्रणा त्याच तत्त्वांवर चालते.

सुमोमध्ये ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, लिव्हर ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. मग पुढच्या-मागच्या चाकांमधला फरक जिरायला एकच जागा उरते, ती म्हणजे टायर आणि जमीन यांच्यामधली घसरण. मुरमाड वाटेवर किंवा चिखलात टायर सहज घसरतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. कोरड्या डांबरावर मात्र तो घसरायला तयार नसतो. सगळा ताण शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि गिअरच्या दात्यांवर येतो, गाडी वळताना अडखळते आणि लिव्हर परत टाकायला गेलं तर जागचा हलत नाही. गाडी चार हात रिव्हर्स घेतली की तो सुटतो. वर्धा रोडवर पावसाची सर आली म्हणून फोर व्हील लावणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. सर दोन किलोमीटरवर थांबते, लिव्हर मात्र बुटीबोरीपर्यंत तसाच राहतो.

सिंक्रोने वेगळी वाट धरली. तिच्यात व्हिस्कस कपलिंग असतं. एका बंद डब्यात पातळ पोलादी चकत्यांची चळत, एक सोडून एक चकती आत येणाऱ्या शाफ्टला जोडलेली आणि उरलेल्या बाहेर जाणाऱ्याला. चकत्या एकमेकींना टेकत नाहीत. मध्ये घट्ट सिलिकॉन तेल भरलेलं असतं आणि थोडी हवा ठेवलेली असते. दोन्ही शाफ्ट जवळपास एकाच वेगाने फिरत असतील तर तेल शांत राहतं. मागची चाकं चिखलात गरगरू लागली की चकत्यांमधलं तेल ओढाताणीत सापडतं, विरोध करतं आणि त्या विरोधातून ताकद पुढच्या चाकांकडे जाते. तेल तापून फुगतं, हवेची जागा संपते, दाब वाढतो आणि शेवटी चकत्या एकमेकींवर दाबल्या जाऊन कपलिंग जवळपास जाम होतं. ना संगणक, ना सेन्सर. सिलिकॉन तेल निवडण्याचं कारण असं की तापल्यावर ते साध्या खनिज तेलाइतकं पातळ होत नाही. नव्या गाड्यांत हेच काम विजेवर दाबला जाणारा क्लच करतो आणि किती दाबायचा ते चाकांचे वेग मोजणारे सेन्सर ठरवतात.

ही सगळी यंत्रणा एका गोष्टीवर विसंबून असते. सरळ रस्त्यावर चारही चाकांचा वेग सारखा असायला हवा. तसा नसेल तर काय होतं, त्याचा ढोबळ हिशेब करून बघू. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. पुढची जोडी नवी घातली आणि मागची ३ मिमीवर झिजलेली ठेवली, तर मागच्या चाकाची त्रिज्या ५ मिमीने कमी. ३३० मिमी त्रिज्येचं चाक एका किलोमीटरला सुमारे ४८२ फेरे घेतं, ३२५ मिमीचं सुमारे ४९०. किलोमीटरमागे सात-आठ फेऱ्यांचा फरक. नागपूरहून अमरावतीला, म्हणजे दीडशे किलोमीटर गेलं की फरक अकराशे फेऱ्यांवर जातो. हे सगळे फेरे कपलिंगला किंवा क्लचला उष्णतेच्या रूपात गिळावे लागतात. सिलिकॉन तेल वर्षानुवर्षं असं भाजत राहिलं की घट्ट होत जातं आणि कपलिंग कायमचं अर्धवट आवळलेलं राहतं. पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवून हळूहळू गोल फिरवताना गाडीला कुणी मागून धरून ठेवल्यासारखं वाटलं, टायर करकरले, तर हा संशय घ्यावा.

वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यातले जुने मिस्त्री म्हणूनच बॉनेट उघडायच्या आधी टायरकडे बघतात. ‘भाऊ, समोरचे कधी बदलवले?’ हा पहिला प्रश्न असतो. उत्तर टाळण्यात अर्थ नसतो. चारही टायर एका कंपनीचे, एका मापाचे, एकाच वयाचे, आणि स्टेपनीसुद्धा चक्रात फिरवलेली: जुन्या ऑल व्हील ड्राइव्हवर करता येण्यासारखी याहून चांगली सुधारणा मला तरी माहीत नाही. छतावरच्या दिव्यांच्या पट्टीला तिच्यापेक्षा जास्त लाइक मिळतात, हा भाग वेगळा.

तेलाचंही नीट बघावं. डिफरेन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी. तिच्यातल्या क्राउन-पिनियन या गिअरजोडीचे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतही जातात. तिथे जीएल-५ प्रतीचं तेल लागतं, कारण त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं धातूवर संरक्षक थर धरतात. हीच रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना, म्हणजे गिअर सहज पडावा म्हणून बसवलेल्या कड्यांना, मात्र खाऊ शकतात. तिथे कंपनीने जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-४च. ‘महाग तेल दोन्हीकडे टाकू’ हा उदारपणा नडतो.

आता जमिनीकडे वळू. नागपूर हे दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्व कडेवर बसलेलं शहर आहे. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स बेसाल्टच्या, पूर्वेला गेलं की त्याहून कितीतरी जुने नाइस खडक लागतात. काटोल-कळमेश्वरकडे काळी कन्हार, तर मनसर-रामटेककडे लालसर, रेताड, मुरमाड. देशभरातल्या मातीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय आपल्याच अमरावती रोडवर आहे. एकाच दिवसाच्या सहलीत गाडीला दोन पूर्णपणे वेगळ्या जमिनी भेटतात आणि दोन्हींचे नियम वेगळे.

कन्हान नदीच्या वाळूत हवा कमी करण्याचा उपाय अचूक लागू पडतो. भरलेली गाडी दोन टनांची धरली तर प्रत्येक चाकावर ५०० किलो. ३२ पीएसआय हवेवर टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण २२० चौरस सेंटिमीटर असतो. १८ पीएसआयवर तो ३९५ च्या आसपास जातो. टायरच्या भिंतीही थोडं वजन पेलतात, त्यामुळे आकडे अगदी काटेकोर नाहीत, पण दिशा पक्की आहे. टेकलेला भाग मुख्यतः लांबीत वाढतो, वाळू कमी दबते, चाक स्वतःच खणलेल्या खड्ड्याचा चढ चढत बसत नाही. एवढ्या कमी हवेवर झटक्यात वळायचं नाही, टायर रिमवरून सुटतो. आणि डांबर लागायच्या आत हवा परत भरायची, नाहीतर वेगात टायरच्या भिंती वाकून वाकून आतून तापतात. म्हणून छोटा कंप्रेसर हवाच.

कन्हार मातीत हे गणित बिघडतं. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीचा प्रत्येक पापुद्रा म्हणजे सिलिकाच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनाचा एक थर. असे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या मध्ये पाणी शिरतं. माती फुगते, उन्हाळ्यात पाणी गेलं की आक्रसून हातभर भेगा पडतात. ओली झाली की पापुद्रे एकमेकांवरून सरकू लागतात. टायर कितीही रुंद असो, तो ज्या मातीला धरतो ती मातीच खालच्या मातीवरून घसरते. वरून नक्षीच्या खाचा गच्च भरतात आणि मड टायर पाच मिनिटांत गुळगुळीत होतो. चाक जोरात फिरवलं तर चिखल खाचांमधून उडतो, म्हणून मड टायरच्या खाचा मोठ्या ठेवतात. पण खाली कडक थर नसेल तर जोरात फिरणारं चाक गाडी हाउसिंगपर्यंत, म्हणजे दोन चाकांमधल्या ॲक्सलच्या लोखंडी कवचापर्यंत, बुडवतं. जुलैमधल्या पांधण रस्त्यावर गाडी घालू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. गाडी फसते ते सोडा, आपण पाडलेल्या चाकोऱ्यांतून पुढचे चार महिने शेतकऱ्याला बैलगाडी न्यायची असते. आणि पेंच किंवा ताडोबाच्या राखीव जंगलात आडवाटेला गाडी नेणं हा थेट गुन्हा आहे, त्यावर चर्चाच नको.

चारही चाकं ओढत असूनही गाडी का फसते, याचं उत्तर डिफरेन्शियलमध्ये आहे. साधं डिफरेन्शियल डाव्या-उजव्या चाकांना वेगळा वेग घेऊ देतं, पण पिळाचा जोर दोघांना सारखाच देतं. एक चाक हवेत लटकलं तर त्याला फिरायला जवळपास शून्य जोर लागतो. म्हणून जमिनीवरच्या चाकालाही शून्यच मिळतो. नाला तिरका ओलांडताना एक पुढचं आणि समोरच्या कोपऱ्यातलं एक मागचं चाक गरगरतं, उरलेली दोन स्वस्थ बसतात. अशा वेळी एक्सलरेटर धरून ब्रेक हलकासा दाबला की फिरणाऱ्या चाकाला विरोध मिळतो आणि तेवढाच जोर दुसऱ्या बाजूला जातो. नव्या गाड्यांतलं ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम त्या एका चाकापुरतं करतं. फोर्स गुरखाला दोन्ही ॲक्सलवर कंपनीतूनच डिफरेन्शियल लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र जखडण्याची सोय, मिळतो. बाहेरून बसवायचा झाला तर मागच्या ॲक्सलचा लॉकर हा एक खर्च मी समजू शकतो.

नागपूरच्या उन्हाचा विषय टाळता येत नाही. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. सकाळी २७ अंशांत भरलेली ३२ पीएसआय हवा हायवेवर ६७ अंशांपर्यंत तापली तर ३८ वर जाते. ती ‘जास्त’ समजून काढून टाकू नये, हवा थंड टायरमध्येच मोजायची. पहिल्या गिअरमध्ये रेंगाळताना रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांच्या पंख्यातही तेच सिलिकॉन तेल असतं. पंख्याच्या तोंडावरची दोन धातूंची गुंडाळी रेडिएटरच्या गरम हवेने उलगडते, झडप उघडते, तेल आत येतं आणि पंखा इंजिनाबरोबर फिरू लागतो. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने ढकलून पाहावा. काहीच विरोध न करता भिरभिरत राहिला तर तेल गळून गेलेलं आहे. दिवाळीनंतर गवताळ वाटांवर कुसळं रेडिएटरच्या जाळीत रुततात. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने मारलं तर निघतात.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित सुधारणा म्हणजे ब्रीदरची नळी. ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये तेलावर हवा असते, आणि ती आत-बाहेर होऊ देणारं छोटं तोंड म्हणजे ब्रीदर. तासभर चाललेलं हाउसिंग ८० अंशांवर आणि नाल्याचं पाणी ३० अंशांवर धरा. गाडी पाण्यात शिरली की आतली हवा झटक्यात थंड होते आणि दाब सुमारे १४ टक्क्यांनी पडतो. दीड मीटरला थोडा कमी इतका पाण्याचा स्तंभ ओढायला हे पुरेसं आहे. चिखलाने ब्रीदर बुजला असेल, किंवा तो पाण्याखालीच असेल, तर पाणी ऑईल सीलमधून किंवा ब्रीदरमधून आत ओढलं जातं. मग तेल दुधाळ होतं, बेअरिंग गंजतात. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं टोक बॉनेटखाली उंच नेऊन बांधलं की काम झालं. नाल्याकाठी पंधरा मिनिटं थांबून हाउसिंग निवू दिलं तर आणखी बरं. ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदलावं, ते हवेतली ओल पितं. डॉट-३ तेल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओल शिरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना हा फरक पायाखाली जाणवतो.

राहिली लिफ्ट, म्हणजे स्प्रिंग-पाटे बदलून गाडी उंच करणं. अखंड ॲक्सल असेल तर लिफ्टने बॉडी वर जाते, हाउसिंग तिथेच राहतं; दगडाला आधी लागतं ते हाउसिंगच. पुढे सुटं सस्पेन्शन असेल तर सीव्ही जॉइंटचे, म्हणजे चाक वळलं तरी ताकद पोचवणाऱ्या सांध्यांचे, कोन वाढतात, रबरी बूट फाटतात आणि धूळ ग्रीसमध्ये शिरते. शिवाय व्हॅन मुळातच उंच. चाकांमधलं अंतर १.४५ मीटर आणि गुरुत्वमध्य ७५ सेंमीवर धरला तर उभी गाडी सुमारे ४४ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. ५ सेंमी लिफ्ट आणि छतावर ६० किलो सामान टाकलं की गुरुत्वमध्य साडेआठ सेंमीने वर जातो आणि कोन ४१ वर येतो. चालत्या गाडीत खड्डे आणि वळणं धरली तर प्रत्यक्षातली मर्यादा याच्या बरीच अलीकडे असते.

कायद्याचीही आडकाठी आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं. पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड तर डिसेंबर २०१७ च्या केंद्राच्या आदेशापासूनच बाद आहेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा आरटीओचा निरीक्षक गाडी प्रत्यक्ष बघतो. ब्रीदरची नळी, सारखे टायर आणि स्वच्छ तेल यांपैकी कशालाही तो हरकत घेत नाही.